धनगरवाड्याचा कप्पा

"एकोणीसच्या एकोणीस काढून टाक," नाडगौडासाहेब म्हणाले. "आज. दुपारपर्यंत."

मी खुर्चीत होतो, ते माझ्या पाठीशी उभे. दसरा होऊन दोन दिवस झाले होते आणि त्यांच्या शर्टाच्या खिशातून अजून आपट्याचं वाळकं पान डोकावत होतं.

"साहेब, मेलं कशानं ते आधी कळू तरी द्या."

"मेलंय ना? झालं मग. पोस्टमॉर्टेम कंपनी करेल. नवीन कपाट बुधवारी येतंय. यादीत जुनी नावं असली तर नवं कपाट जोडता येत नाही, असं कंपनीचा भुस्कुटे म्हणतोय."

"भुस्कुटे म्हणतोय."

"रणपिसे, सूर खाली."

मी सूर खाली घेतला आणि बटण दाबलं.

ऑफिस पुनर्वसनाचं, मी तिथं कॉम्प्युटर सांभाळत होतो. कोंडजाई धरणाखाली एकोणीस गावं-वाड्या गेल्या. पाणी चढायच्या आधी सरकारनं घरोघर कॅमेरा फिरवला. घर किती खणांचं, दारं किती, चुली किती. चुली महत्त्वाच्या. एका घरात दोन चुली म्हणजे दोन कुटुंबं, दोन प्लॉट. एक चूल, एक प्लॉट. हे सगळं चित्रण बारा डिस्कच्या एका लोखंडी कपाटात होतं, दर वाडीला एक कप्पा. आमच्या धंद्यात त्याला व्हॉल्यूम म्हणतात, कप्पा म्हटलं तरी बिघडत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते कपाट बसलं. घरं पाण्याखाली, घरांची चित्रं कपाटात आणि कपाट मेलेलं. दुसरी प्रत नव्हती. प्रत ठेवा म्हणून मी दोनदा लिहून दिलं होतं. दोन्ही कागद 'चर्चा करा' असा शेरा घेऊन परत आले. चर्चा कुणी केली नाही.

बटण दाबल्यावर एकोणीस नावांपुढे एकच शब्द उमटला, 'काढत आहे'. तासाभरानं पाहिलं तर तोच शब्द. जेवून आलो तरी तोच. सॉफ्टवेअर कपाटाला विचारतं, काढू का? मेलेलं कपाट हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. सातबाऱ्यावर मयताचं नाव राहून जातं तशी ती नावं लटकून राहिली. आतल्या नोंदवहीत हात घालून खाडाखोड केली तरच ती जाणार होती. मला ती खाडाखोड येत होती. आयटीआयच्या पोरानं शिकू नये ते मी बरंच शिकलो होतो. पण केली नाही.

कारण बारा बैल एका दिवशी मरत नाहीत. एखादा मरतो, फार तर दुसरा त्याच्या मागोमाग. बारा मेले तर वैरणीत कुणीतरी काहीतरी कालवलेलं असतं.

"अडकलेत, साहेब. नोंदवहीत हात घालावा लागेल. लेखी द्या."

मला वाटलं लेखी मागितलं की माणूस चाचपडेल. साहेबांनी उभ्या उभ्या कागद ओढला, चार ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का मारला.

"आणि चित्रण गेलं म्हणून जग बुडत नाही," ते म्हणाले. "नियम आहे. चित्रण नसेल तर पंचांच्या जबाबावर निकाल."

तिथं माझा संशय पक्का झाला. इतक्या चटकन सही करणारा सरकारी अधिकारी मी तोवर पाहिला नव्हता. आणि पंच काय, वळवाल तिकडं वळतात.

व्हरांड्यात हौसाबाई ढेबे बसली होती. पन्नाशीची विधवा बाई, खालच्या धनगरवाड्याची. वाडा बुडाल्यापासून बहिणीच्या पडवीत दिवस काढत होती. वाड्यातल्या बाकी तेरा घरांना प्लॉट मिळाले, ताबा झाला, भिंती उभ्या राहिल्या. हिच्या एकटीचं अडलं होतं. दीर म्हणत होता, भावजय माझ्याच चुलीवर जेवायची, हिचं कुटुंब वेगळं कसलं? ही म्हणत होती, माझी चूल वेगळी होती. सत्तावीस तारखेला सुनावणी होती आणि साहेबांसमोर चित्रण लावून बघायचं ठरलं होतं. ते झालं नाही तर जन्मभर पडवी.

"दादा, माझी फिलिम हाय न्हवं?"

"बघतोय."

"बघतोय म्हंजी? हाय का न्हाई?"

"कपाट बिघडलंय, बाई."

ती माझ्याकडं बघत राहिली. "आत्ताच बरं बिघडलं?"

"मला काय विचारता?"

"दिरानं गेल्या म्हैन्यात तुमच्या साहेबाला बकरं धाडलं. तुमाला काय धाडलं?"

"मला कोण बकरं देतंय!"

"मंग कोंबडं दिलं आसंल," ती म्हणाली आणि पदर खोचून पुन्हा भिंतीला टेकली.

मला राग आला. पण बकऱ्याचं मी डोक्यात ठेवलं.

सर्व्हरच्या खोलीच्या किल्लीची वही असते. खंडेनवमीला, म्हणजे कपाट बसलं त्या दिवशी, मी रजेवर होतो. वहीत तीन नोंदी होत्या. दहा वाजता जगदाळेमामा, झाडलोट. साडेअकराला नाडगौडासाहेब, पूजा. बारा दहाला भुस्कुटे, बिघाड. मामांचं नाव त्या वहीत रोज असायचं. रोज असतं ते कुणी वाचत नाही. मी दोनच नावं वाचली.

मामा ऑफिसचे शिपाई. आधी वीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर होते. निवृत्तीला चार महिने राहिलेले.

"मामा, त्या दिवशी नेमकं काय झालं?"

"काय व्हायचंय? साहेब आले, नारळ फोडला, गेले. मग कपाट वरडाया लागलं. साहेबांनी फोन केला, तो कंपनीचा पोरगा आला."

"एकटाच होता आत?"

"एकटाच."

"किती वेळ?"

"तास दीड तास. दार लोटून." मामांनी कपबशा उचलल्या. "जाताना पिशवीतनं कायतरी घेऊन गेला बघ."

एवढं मला पुरलं. मंगळवारी भुस्कुटे आला तेव्हा मी त्याला जिन्यातच गाठला. पंचविशीचा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. ते ओळखपत्र मी मुठीत धरलं.

"काय घेऊन गेलास त्या दिवशी?"

"सर, कार्ड. कपाटाचं कंट्रोलर कार्ड. बदललं ना मी."

"जुनं कुठाय?"

"कंपनीत पाठवलं. महिनाभर तरी येत नाही आता."

"का पाठवलंस? त्यात काय होतं?"

तोवर सगळं ऑफिस व्हरांड्यात आलं होतं. हौसाबाई उठून उभी राहिली होती. मामा चहाचा ट्रे धरून दारात. मी भुस्कुट्याला धरून साहेबांच्या केबिनकडं बघत ओरडलो, "ज्यानं कुणी हे केलंय त्याला मी सोडणार नाही. पोलिसात देईन. नोकरी घालवीन. पेन्शनचा एक पैसा मिळू देणार नाही!"

"सर, ऐका," भुस्कुटे हळू म्हणाला. "मी आलो तेव्हा बाराही दिवे लाल होते. जुन्या कार्डात नोंद होती. चालू कपाटातून एकेक डिस्क बाहेर आलीय, मिनिटभरानं परत आत गेलीय. एकामागून एक, बारा वेळा. बिघाड असा चालत नाही. हात आहे कुणाचातरी. मी साहेबांना लेखी दिलंय."

"मग साहेब मला का नाही बोलले?"

भुस्कुटे बुटाकडं बघायला लागला. "कारण साहेबांना वाटतं, तुम्ही केलंत."

मी केबिनचं दार ढकलून आत गेलो. साहेबांनी फाइल मिटली.

"बस."

"मी बसत नाही."

"नको बसू. किल्ली तुझी, पासवर्ड तुझा, नेमका त्याच दिवशी रजेवर तू. पांगरे गाव तुझं, तेही ह्याच धरणात. तुझ्या बापाचा प्लॉट ह्याच ऑफिसनं नाकारला, माणूस इथले जिने चढून चढून मेला. रणपिसे, माझ्या जागी तू असतास तर काय समजला असतास?"

मी खुर्ची ओढून बसलो.

"चौकशी लावली तर पहिला तू आत जातोस. म्हणून म्हणत होतो, काढून टाक आणि विषय संपव. मी तुला वाचवत होतो, आणि तू बाहेर माझ्या पेन्शनीच्या नावानं शिमगा करतोयस."

"आणि बकरं?"

"कसलं बकरं?"

"हौसाबाईच्या दिराचं."

त्यांनी मिटलेली फाइल पुन्हा उघडली. "ते जत्रेचं होतं," म्हणाले.

त्यावर माझा विश्वास तेव्हा बसला नाही, आजही नाही. पण कपाटाशी त्या बकऱ्याचा संबंध नव्हता हे मला बुधवारी कळलं.

बुधवारी नवं कपाट आलं. भुस्कुट्यानं जुन्यातल्या बाराही डिस्क काढून, त्यांवर खणाचे नंबर घालून खोक्यात ठेवल्या होत्या. माझ्याशी बोलायचं टाळत तो तारा जोडत होता. मी एक डिस्क उचलली आणि उलटी केली. आत सरकवल्यावर जी बाजू कुणालाच दिसत नाही त्या बाजूला हळदीचं एक बोट होतं, त्याच्या खाली कुंकवाचं, आणि कुंकवात चिकटलेला तांदळाचा एक दाणा. दुसरी उलटी केली. तिसरी केली. बाराही डिस्कना बोटं होती, एका हाताची, एका मापाची.

मामा मागं पाण्याच्या टाकीपाशी बिडी ओढत बसले होते. मी शेजारी बसलो.

"मामा, पंपहाऊसवर खंडेनवमी कशी करायचा?"

त्यांनी बिडी विझवली. थोटूक टाकीच्या कडेला ठेवलं.

"पाना न् पाना सुटा करायचो," ते म्हणाले. "रॉकेलनं धुवायचा, पुसायचा, पाटावर मांडायचा. मग हळदकुंकू. वर्षभर राबतंय ते, एक दिवस तरी त्याच्या अंगाला हात लागाया नको? हितं साहेब येणार, दाराला बोट लावणार आन् पळणार. ही काय पूजा झाली?"

"चालू होतं ते, मामा."

"साहेब गेल्यावर मी मागं राहिलो. दिवे हिरवे होते. ओढली की लाल झाला. मला वाटलं, कुंकवाचा मान घेतला."

मला हसू आलं आणि त्याच वेळी त्यांना धरून हलवावंसंही वाटलं. "मग इतके दिवस गप्प का? त्या पोराच्या गळ्यात का घातलंत?"

"चार महिने राहिलेत माझे. सांगणारच होतो." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "तू पेन्शन म्हणालास."

मी विषय तिथंच सोडला. मला एकच गोष्ट हवी होती आणि जुनं कार्ड कंपनीत गेल्यावर ती फक्त त्यांच्याकडं होती. अशा कपाटात एक डिस्क नसली तरी बाकीच्या अकरा मिळून सगळं उभं करतात. पण जी सगळ्यात आधी निघाली ती मागं पडलेली असते, तिचा मजकूर बाकीच्यांशी जुळत नाही. ती बाजूला ठेवून बाकी अकरा उठवायच्या. चुकीची बाजूला ठेवली तर सगळ्याचा काला.

"मामा, पहिली कुठली ओढलीत?"

"वरची, उजवीकडली. चांगलं काम डावीकडनं कोण सुरू करतं?"

"नक्की?"

"देवाशप्पथ."

पाच दिवस खोटं बोललेल्या माणसाची शपथ. मी म्हटलं, "तोंडानं नको. हातानं दाखवा. समोर कपाट आहे समजा."

मामा उठले. टाकीसमोर उभे राहिले. खांद्यावरचं फडकं काढलं, वाकले, आणि त्यांचा हात वर उजवीकडं गेलाच नाही. तो खाली गेला, खालच्या ओळीत मधोमध. त्यांनी हवेतच चिमटीनं काहीतरी हलवून पाहिलं. मग स्वतःच थबकले.

"ही," ते म्हणाले. "ही जरा ढिली होती. येते का म्हणून आधी हिलाच ओढून बघितली. मग उजवीकडनं लागलो."

"खालची मधली."

"खालच्या ओळीत डावीकडनं तिसरी. हातानं सांगितलं ते खरं."

मी तोंडाची शपथ सोडली आणि हाताचं ऐकलं. त्या आठवड्यात पहिल्यांदाच मी कुणावर विश्वास ठेवला.

आता एक धोका राहिला होता. सोमवारी मीच दाबलेलं बटण. 'काढत आहे' हा हुकूम अजून लटकून होता. कपाट उठलं की त्याला पहिली हाक तीच ऐकू जाणार, आणि ते इमानदारीत एकोणीस कप्पे पुसून मोकळं होणार. भुस्कुट्याला सांगितलं तसा तो चटकन खाली बसला, कीबोर्ड माझ्याकडं सरकवला.

"तुम्ही करा सर. मी मोठ्यानं वाचतो, चूक नको."

तो नावं वाचत गेला. पांगरे. कुंभेरी. वरची आळी. मी एकेका ओळीतला 'काढत आहे' खोडून 'शिल्लक' लिहीत गेलो. एकोणीस ओळी झाल्या. मग अकरा डिस्क जुन्या कपाटात सरकवल्या, बारावी टेबलावर राहू दिली आणि कपाट चालू केलं. दिवे लाल होते. पिवळे झाले. मग एकेक करत हिरवे. भुस्कुट्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि लगेच हात मागं घेतला, मंगळवार आठवून.

"ओळखपत्र मुठीत धरलं होतं, त्याबद्दल..." मी म्हटलं.

"जाऊ द्या सर. दोरी चायनाचीच होती, तुटायचीच."

तो जेवायला गेला. मी अकरा नंबरचा कप्पा उघडला, खालचा धनगरवाडा.

चौदा घरांपैकी नववं घर. कॅमेरा उंबऱ्यावरून आत शिरतो. अंधारात एक चूल, चुलीपुढं एक बाई फुंकणीनं फुंकतेय, धुरानं तोंड वळवतेय. ही हौसाबाईची जाऊ. कॅमेरावाला उरलेल्या दोन खणांवरून फिरतो, कणग्या, घोंगड्या, मोकळी भिंत. मग त्याचा आवाज, "चूल एक. लिहा." बाहेर येताना दारात हौसाबाई उभी आहे, हातात कळशी. ती काहीतरी बोलते, वाऱ्यात ऐकू येत नाही. मोकळ्या हातानं घराच्या मागं दाखवते. "बाई, बाजूला व्हा, उजेड अडतोय," असा आवाज येतो आणि चित्र कापलं जातं. पुढं दहावं घर.

मी ते तीनदा पाहिलं. ती तिन्ही वेळा मागं दाखवत होती आणि तिन्ही वेळा कॅमेरा बंद पडत होता.

बाहेर गेलो. ती होतीच.

"हौसाबाई, तुमची चूल कुठं होती?"

"गोठ्यात. धनी गेला आन् सासूनं भाईर काढलं. अकरा वर्सं गोठ्यात रांधलं म्या."

"कॅमेरावाल्याला दाखवलीत?"

"दावली की! म्हनलं, हिकडं या, मागं या. म्या पान्याला गेले, तवर आला आसंल." ती थांबली. "आला आसंल न्हवं? फिलिममदी आसंल की."

मी नजर वळवली. ती मला नीट निरखत होती, माझ्या तोंडावर चोरी शोधत होती.

ती खोटं बोलत असू शकत होती. हात दाखवणं म्हणजे काही चूल नव्हे. पुराव्यात "चूल एक, लिहा" हे शब्द होते आणि ते सरकारचे होते. सत्तावीसला ते चित्रण लागलं असतं की पाच मिनिटांत बाईचा निकाल. तिनं तीन दिवस ज्याच्यासाठी व्हरांडा धरला होता तेच तिच्या गळ्याला फास होतं, आणि तिला ते ठाऊक नव्हतं. चित्रण नसेल तर पंच. वाड्यातली माणसं, तिच्या धुराच्या वासानं रोज उठणारी.

मी साहेबावर संशय घेतला, चुकला. भुस्कुट्यावर घेतला, चुकला. ज्याच्यावर घ्यायचा त्याच्यावर घेतलाच नाही. माझ्या अकलेचा हिशोब इतका स्वच्छ होता की आता त्याच्या भरवशावर एका बाईचं घर ठेवायची मला लाज वाटली.

आत आलो. दार लावलं. वाड्यातल्या बाकी तेरा घरांचे ताबे झाले आहेत, हे कागद काढून पुन्हा तपासलं. अठरा कप्पे नव्या कपाटात उतरवले. मग अकरावर आलो आणि बटण दाबलं. 'काढत आहे.' ह्या वेळी कपाट जिवंत होतं. चार सेकंदांत नाव गेलं.

"अठरा आले आणि नेमका अकरा नाही आला?" नाडगौडासाहेबांनी विचारलं.

"नेमका तोच, साहेब."

"आणि बिघाडाचं कारण काय लिहिलंयस? विजेच्या दाबातील चढउतार?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. दाराशी मामा उभे होते, त्यांच्याकडंही पाहिलं. मग चष्मा घातला आणि अहवाल फाइलला लावला.

सत्तावीसला पंच म्हणून वाड्यातली तीन माणसं आली. दोघे पुरुष गुळमुळीत बोलले, असेल, नसेल, आठवत नाही. दीर पुढच्या बाकावर हाताची घडी घालून बसला होता. मी स्वतःच्या हातानं बाईला बुडवली असं वाटायला लागलं. तिसरी पंच म्हणून जे नाव पुकारलं ते दिराच्या बायकोचं. फुंकणीवाली. तिला नवऱ्यानंच आणलं होतं, आपल्या बाजूनं बोलेल म्हणून.

"भावजय तुमच्याच चुलीवर जेवत होती?" साहेबांनी विचारलं.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. हौसाबाईकडंही नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "तिची चूल गोठ्यात व्हती. रोज सकाळी माझ्या चुलीतला इस्तू म्या तिला खापरीत न्हेऊन द्यायची. अकरा वर्सं दिलाय. खोटं कशाला बोलू?"

दीर उठून निघून गेला. साहेबांनी तिचा अंगठा घेतला. प्लॉट मंजूर झाला.

दोघी जावा बाहेर आल्या तेव्हा मी जिन्यापाशी होतो. हौसाबाई माझ्यासमोर थांबली.

"हिनं तोंड उघडलं म्हनून वाचले," ती म्हणाली. "आता खरं सांगा. कपाट-बिपाट कायबी न्हाई. माझी फिलिम तुमीच पुसली न्हवं?"

त्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनी सगळ्यांवर संशय घेतले होते. त्यातला एवढा एकच खरा होता.

"हो," मी म्हटलं.

ती माझ्या पायापाशी थुंकली आणि जावेचा हात धरून जिना उतरून गेली.